कोऱ्या नळीतला आकडा

३ जून

धाकटे,

हे वाचते आहेस म्हणजे पाकीट फोडलंस. पाच वर्षांनी एवढंही खूप झालं, तेव्हा लांबण न लावता लिहिते.

एकच विचारायचं आहे. तुझे तळहात खाजतात का? तळपायही. पुरळ नाही, लाली नाही, वरून बघावं तर काहीच नाही, पण कातडीच्या आतून कोणी लोकरीचा धागा ओढत नेतंय अशी खाज. खाजवून थांबत नाही. गार पाण्यात हात धरले की पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा सुरू. एका कार्डावर 'हो' किंवा 'नाही' लिहून टाक. बाकी काही लिहायची गरज नाही, मी विचारणार नाही.

कारण असं की मला ती खाज सुटली आहे. २७ मेच्या सकाळी सुरू झाली, लॅबमध्ये फ्रीजर उघडत होते तेव्हा. तिथे सगळ्यांच्या आधी मी पोचते, तुला माहीतच आहे. दुसऱ्या कोणी कुलूप काढलेलं दिसलं तर माझा दिवस खराब जातो. तर त्या सकाळी दाराच्या मुठीला हात लावला आणि दोन्ही तळवे एकदम पेटले. मला वाटलं थंडीमुळे असेल. मग हातमोजे बदलले, साबण बदलला, त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवले. त्यांनी हात उलटसुलट केले आणि म्हणाले, "बाई, असे हात मला जाहिरातीला हवे आहेत." मलम दिलं, ते कपाटात पडलंय. शेवटी स्वतःचंच रक्त काढून तपासलं. सगळे आकडे जिथल्या तिथे. शेहेचाळीस वर्षांच्या बाईचं यकृत इतकं नीटनेटकं असणं जरा लाजिरवाणंच आहे. थोडक्यात, मला खाज सुटायला काहीच कारण नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. रोज सकाळी पेशंटची सॅम्पलं लावण्याआधी मी यंत्रात एक कोरी नळी लावते. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी असतं आणि तिचा आकडा शून्यच यायला हवा. शून्य आला म्हणजे यंत्र खरं बोलतंय. २७ तारखेपासून तिचा आकडा शून्य येत नाही. रोज एकच दुसरा आकडा येतो. कोणता ते लिहीत नाही, तुला त्यात काय रस असणार.

कार्ड टाक.

तुझी ताई (तू मानत नसलीस तरी)


१९ जून

धाकटे,

कार्ड आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणून पुन्हा लिहायचं धाडस करते.

आईवर रागावू नकोस. मला काही न सांगण्याची तू घातलेली शपथ तिनं मोडलेली नाही. रविवारी ती गॅलरीत पाठ करून तुझ्याशी फोनवर बोलत होती, हे मला कळतं, कारण बाकीच्यांशी ती घरभर फिरत ओरडून बोलते. फोन ठेवून आत आली आणि खुर्चीत बसून बोटं मोजायला लागली. एक, दोन, तीन, मग अंगठ्याला जाऊन थांबली. बायका दिवस गेल्यावर महिने मोजतात, तशी.

"काय मोजतेस?" मी विचारलं.

"काही नाही."

"बोटं पुरली का?"

"तू गप बस," ती म्हणाली, "मी काही बोललेले नाही, आणि कोणी विचारलं तर तूही काही ऐकलेलं नाहीस."

मग तिनं माझे हात बघितले. मी नकळत एक तळवा टेबलाच्या कडेवर घासत होते. ती बघत राहिली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "हे तुला कशाला होतंय? हे तर तिला व्हायला हवं."

हे तिनं का म्हटलं ते तुला सांगायला हवं. तू जन्मली नव्हतीस. मी सहा वर्षांची होते. आई सकाळी पलंगावर पाय लांब करून बसायची आणि माझ्या हातात कपडे घासायचा ब्रश द्यायची. मी तिचे तळपाय घासायचे. "जोरात," ती म्हणायची, "अजून जोरात, तुला काय जेवायला घालत नाही का मी?" मला तो खेळ वाटायचा. तिच्या पायांवर रेघा उठायच्या आणि तरी ती म्हणायची, अजून. सगळे म्हणत, अंगात उष्णता वाढली आहे. मग एका सकाळी तिनं ब्रश दिला नाही. पोटावर हात ठेवून बसली होती आणि म्हणाली, "आज हा हललाच नाही." आपला भाऊ असा आला. त्याला बघायला मला नेलं तेव्हा सांगितलं, झोपलाय. मला पुष्कळ दिवस वाटत होतं की मी ब्रश जोरात घासला नाही म्हणून तो उठला नाही.

तुझ्या वेळीही तिला तेच झालं होतं. पण तू महिनाभर आधीच आलीस. आई तुला घाईची घाईची म्हणून चिडवते ना, त्या घाईनंच तू वाचलीस, हे मला लॅबमध्ये लागल्यावर कळलं.

मी दिवसभर काय मोजते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. पित्त म्हटलं की लोकांना डोकेदुखी आणि करपट ढेकर आठवतात. पण यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती पित्ताशयात साठतात, आणि तू तेलकट काही खाल्लंस की आतड्यात उतरतात. तिथे त्यांचं काम भांड्यांच्या साबणाचं. चरबीचे बारीक थेंब करायचे, म्हणजे ती पचते. काम झालं की ती वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शरीर त्यांना गोळा करतं आणि रक्तातून पुन्हा यकृताकडे पाठवतं. शंभरातली पंच्याण्णव परत येतात. सगळ्या अंगात मिळून ती चमचाभरसुद्धा भरत नाहीत, पण तेवढीच दिवसातून सहा-आठ फेऱ्या मारतात. आणि परत येताना निरोप घेऊन येतात. यकृताला सांगतात, आता पुरे, नवीन करू नकोस. साखर किती बाहेर सोडायची, चरबी जाळायची की साठवायची, यातही त्यांना विचारलं जातं.

गरोदरपणात काही बायकांच्या यकृताचं बाहेरचं दार अडकतं. मग पित्ताम्लं पुढे सरकत नाहीत, रक्तात तुंबतात. बाईला खाज सुटते, बाकी काही होत नाही. पण ती नाळेतून बाळापर्यंत जातात. बाळाची वाढ चांगली असते, सोनोग्राफी छान असते, आणि एके दिवशी त्याच्या हृदयाचा ठेका चुकतो. रक्तातला आकडा शंभराच्या वर गेला की ही भीती खरी. मग आधी बाळाला बाहेर काढणं एवढंच हातात असतं. एका खेपेला झालं की पुढच्या खेपेलाही बहुतेक होतंच.

म्हणून तपासणी करून घे. माझं नाव घेऊ नकोस, आईचं घे, हे घराण्यात आहे असं सांग. मी आईला तुझ्याशी बोलायला सांगितलं होतं. ती बोलली. तुझं उत्तर तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, "मागच्या वेळी केली होती की, ताईनेच केली होती, नॉर्मल होती." ते ऐकून मी भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती.

मागच्या रिपोर्टवर जाऊ नकोस. तेव्हाचं यंत्र जुनं होतं.

ताई


२ जुलै

धाकटे,

दुसरं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं 'घेण्यास नकार' असं तिरकं लिहिलंय. म्हणजे पहिलं तू घेतलंस आणि दुसरं घेतलं नाहीस. पहिल्यात असं काय होतं याचा मी विचार करते आहे.

कोऱ्या नळीचा आकडा सांगून टाकते. बारा पॉइंट तीन. रोज बारा पॉइंट तीन. मी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, रसायनाची नवी बाटली फोडली. शेवटी इंजिनिअरला बोलावलं. त्यानं यंत्राचं पोट उघडलं, दिवा तपासला, नळ्या धुतल्या आणि माझ्यासमोर कोरी नळी लावली. शून्य. चष्मा म्हणून माझी सहकारी आहे, तिचं खरं नाव कोणी घेत नाही, तिनं लावली. शून्य. मी लावली. बारा पॉइंट तीन.

"तुमच्या हाताला काही लागलेलं असेल," इंजिनिअर म्हणाला.

मी कोपरापर्यंत हात धुतले, नवे मोजे घातले, पुन्हा लावली. तोच आकडा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वहीत 'यंत्र ठीक' असं लिहून गेला. आता सकाळची नळी चष्मा लावते आणि मी दुसरीकडे बघत उभी राहते.

तू म्हणशील, तपासणीचा आग्रह धरायचा आणि गोष्टी भुताखेतांच्या सांगायच्या. पण हा आकडा मला ओळखीचा आहे. लॅबच्या फ्रीजरमध्ये सगळ्यात खालच्या खणात मागे एक डबी आहे. सॅम्पल आम्ही पंधरा दिवस ठेवतो, मग फेकतो. ती डबी पाच वर्षं तिथे आहे. फ्रीजर साफ करायचा दिवस आला की मी ती खिशात घालून जिन्यात जाऊन उभी राहते आणि मग परत ठेवते. तीत एकच बारकी नळी आहे, अर्ध्या बोटाएवढी. तळाला पिवळं सीरम गोठलेलं. २७ मेला मी फ्रीजर उघडला तेव्हा ती डबी मागे नव्हती, पुढे होती. सगळ्यात पुढे, दाराला टेकून. मी चष्म्याला विचारलं. ती म्हणाली, खालच्या खणाला ती कधी हातच लावत नाही, तिची कंबर दुखते.

ती नळी तुझी आहे. तेव्हाची.

आज सकाळी, कोणी यायच्या आत, मी ती बाहेर काढून ठेवली. गोठलेलं विरघळायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी हात गार पाण्याच्या नळाखाली धरून उभी होते. मग तिच्यातला थेंब यंत्राला लावला.

काय आलं ते पुढच्या पत्रात लिहीन. आता चष्म्याच्या चपलांचा आवाज येतो आहे.

ताई


८ जुलै

धाकटे,

तिसरंही परत आलं. हेही येणार. खरं सांगायचं तर ते येणार म्हणूनच मी हे लिहू शकते आहे.

आमच्या यंत्राला शंभरापर्यंतच मोजता येतं. आकडा त्याच्या वर असला की ते आकडा दाखवत नाही, वर जाणारा एक बाण दाखवतं. मग आम्ही सीरमचा एक भाग घेतो, त्यात नऊ भाग पाणी घालतो आणि पुन्हा लावतो. जो आकडा येईल त्याला दहानं गुणायचं. हे गुणणं विसरू नये म्हणून लॅबमध्ये पद्धत आहे. पातळ केलेल्या नळीच्या झाकणावर लाल ठिपका द्यायचा, रजिस्टरात लाल शाईनं लिहायचं, आणि गुणाकार दुसऱ्या माणसानं करायचा. ज्यानं मोजलं त्यानं गुणायचं नाही. मोठ्या बाईंनी लॅब सुरू केली तेव्हापासूनचा हा नियम आहे आणि नव्या मुलींना तो मीच शिकवते.

त्या दिवशी तू रक्त द्यायला आलीस तेव्हा बाहेर चाळीस माणसं बसली होती. तुझा सातवा महिना संपत आला होता आणि पाय सुजले होते. तू कुरकुर करत होतीस की रात्रंदिवस डोळा लागत नाही, पाय कापून टाकावेसे वाटतात. मी म्हटलं, घरचं माणूस रांगेत कशाला. तुझी नळी रजिस्टरात न चढवता मधेच घातली. यंत्रानं बाण दाखवला. मी पातळ केली. लाल ठिपका दिला नाही, कारण मला माहीतच होतं ती कोणाची आहे. दुसऱ्या कोणाला दिली नाही, कारण बहिणीचं आहे, मीच करते. तेवढ्यात तू दारातून डोकावलीस आणि म्हणालीस, "झालं का गं? मला भूक लागलीय." आणि यंत्रानं आकडा दिला, बारा पॉइंट तीन. बारा म्हणजे नॉर्मल. मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे रिपोर्ट लिहिला. मोठ्या बाईंनी माझ्या विश्वासावर सही केली.

तीन दिवसांनी तू फोन केलास की खाज वाढली आहे आणि बाळ कमी हलतंय. मी काय म्हणाले ते तुला माझ्याहून चांगलं आठवत असेल. रिपोर्ट नॉर्मल आहे, उगाच बाऊ करू नकोस, पायाला तेल चोळ आणि झोप.

चौथ्या दिवशी तो गेला.

तुला वाटतं तुझं म्हणणं मी ऐकलं नाही, म्हणून तू बोलणं तोडलंस. तेवढंच असतं तर मी कधीच तुझ्या दारात येऊन पाया पडले असते. पण महिन्यानं टेबलाचा खण आवरताना मला त्या दिवशीचा कागद सापडला. माझ्याच अक्षरात एका कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'एकास दहा'. बारा पॉइंट तीन नव्हतं ते. एकशे तेवीस होतं. ते टिंब तिथे नसतं तर त्याच संध्याकाळी तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं असतं, आणि तो आज शाळेत जात असता.

मी तो कागद चारदा घडी घालून माझ्या वाचायच्या चष्म्याच्या केसमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तुझ्या फाइलवर 'कारण समजले नाही' असं लिहिलंय आणि ते कारण पाच वर्षं माझ्या पर्समध्ये आहे.

गेल्या आठवड्यात नळी पुन्हा लावली तेव्हा आधी बाण आला. पातळ केल्यावर बारा पॉइंट तीन. पाच वर्षं गोठून राहिलं तरी तसूभर बदललेलं नव्हतं.

हात इतके खाजताहेत की पेन धरवत नाही.

ताई


१३ जुलै

धाकटे,

चौथं पत्र आज सकाळी परत आलं. पाकीट जसंच्या तसं, चिकटवलेल्या जागेवर बोटाचा ठसाही नाही. मला काय वाटलं असेल? मला हायसं वाटलं. ते पाकीट हातात घेऊन मी दाराशी उभी होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. कबूलही केलं आणि कोणाला कळलंही नाही.

मग आतून आईचा आवाज आला. "आज हललं नाही म्हणे सकाळपासून." मी धावत आत गेले. आई गाढ झोपली होती. तिला हलवून उठवलं, विचारलं, तू काय म्हणालीस. ती म्हणाली, "मी? मी कुठे काय म्हणाले? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

आवाज तिचाच होता. चाळीस वर्षांपूर्वीचा.

मी तिथेच पलंगावर बसून तिला सगळं सांगितलं. पर्समधून ती चष्म्याची केस काढून कागद दाखवला. तिला 'एकास दहा' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, दोनदा. तिनं आरडाओरडा केला नाही. कागद उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "मी अडाणी होते म्हणून तिला सांगू शकले नाही. तू तर शिकलेली होतीस." एवढंच. मग म्हणाली, "आता माझ्या तोंडून नको. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारी दोघींना सांधायला बघतेय. तुझ्या ऑफिसच्या कागदावर पाठव. तो ती परत नाही करणार."

मी पत्रांवर पत्रं पाठवत बसले होते आणि तिला हे एका मिनिटात सुचलं.

लॅबची एक पद्धत आहे, फारशी वापरावी लागत नाही. रिपोर्ट चुकला तर दुरुस्त रिपोर्ट काढता येतो, कितीही वर्षांनी. त्यावर जुना आकडा, नवा आकडा, चूक कोणाची आणि कशी झाली हे लिहावं लागतं, आणि तो पेशंटकडे नाही, तिच्या डॉक्टरांकडे जातो. मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी कागद बघितला, नळी बघितली.

"तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"भ्याले," मी म्हटलं.

"मी सही केली होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे माझंही आहे." मग त्यांनी फोनवर आईकडून तुझ्या हॉस्पिटलचं नाव घेतलं आणि कागद टाइप व्हायच्या आत तुझ्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. मी समोर उभी होते. त्यांनी माझं नाव, माझी चूक, सगळं जसं झालं तसं सांगितलं. फोन ठेवून म्हणाल्या, आजपासून तुमची सही कशावरही चालणार नाही. मी म्हटलं, हो. पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नाही.

तर आता तुला कळलं असेल. हे पत्र तू परत पाठवशील, हरकत नाही. यात नवीन काही नाही.

ताई


२५ जुलै

धाकटे,

तुझी नळी परवा आमच्याकडे आली ते तुला माहीतच आहे, तूच पाठवलीस. ही तपासणी तुमच्याकडे होत नाही, आसपासच्या सगळ्या हॉस्पिटलांची सॅम्पलं आमच्याकडेच येतात. पण तुला दुसरीकडे पाठवता आलं असतं. दोन दिवस उशीर झाला असता, तरी आलं असतं.

डबा चष्म्यानं उघडला. बर्फात नळी आणि नळीभोवती गुंडाळलेला फॉर्म. फॉर्मवर तुझं अक्षर. ल अजून तसाच काढतेस, आडवा पडल्यासारखा. 'लक्षणं कधीपासून' या रकान्यात तू लिहिलं होतंस, '२७ मे, सकाळ. तपासणाऱ्या बाईंना माहीत आहे.' आणि खाली, जिथे कोणीच काही लिहीत नाही त्या 'शेरा' रकान्यात, 'मोजणी ताईनेच करावी. गुणाकार दुसऱ्या कोणीतरी करावा.'

चष्म्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

मोठ्या बाई येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी नळी रजिस्टरात चढवली. कोरी नळी लावली, शून्य. २७ मेनंतर पहिल्यांदा माझ्या हातून शून्य आला. मग तुझी लावली. बाण आला. एक भाग तुझं, नऊ भाग पाणी. झाकणावर लाल ठिपका दिला, इतका मोठा की नळी आजारी वाटायला लागली. पुन्हा लावली आणि हात मागे घेतले.

बारा पॉइंट तीन.

ही पाच वर्षांपूर्वीची नळी नव्हती. ती डबीत आहे, मी उठून बघून आले. हे तुझं परवाचं रक्त होतं, आणि मी कोरी नळी लावत होते तोवर रोज सकाळी नुसत्या पाण्यातून मला हाच आकडा दिसत होता. मला वाटत होतं ते यंत्र मागचं उकरून काढतंय.

"बारा पॉइंट तीन गुणिले दहा," चष्मा म्हणाली. तिनं कागदावर मांडून केलं, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं. "एकशे तेवीस." मोठ्या बाईंनी पुन्हा केलं. एकशे तेवीस. मग त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा." मी तुझ्या डॉक्टरांना आकडा सांगितला. त्यांनी तो परत म्हणायला लावला, मी परत म्हटला. मग डॉक्टर पलीकडे कोणाला तरी म्हणाल्या, टेबल तयार करा, आत्ताच.

त्यानंतरचं मला आईकडून कळलं. मुलगी झाली, लहानखुरी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, आणि रडते इतकी की नर्सबाई कंटाळल्या. आई म्हणाली, "घाईची झाली, बरं झालं." मग ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, माझा चहा का नाही केलास अजून.

माझे हात थांबले आहेत. उजवा पूर्ण थांबला. डावा तळवा अजून मधूनच खाजतो आणि मला वाटतं तो खाजतच राहील.

पहिलं पत्र तू का ठेवून घेतलंस ते मला आता कळलं. २७ मेच्या सकाळी तुलाही सुरू झालं होतं, आणि दहा-बारा दिवसांत, जिच्याशी तू बोलत नाहीस त्या दूरच्या बहिणीचं पत्र आलं, त्यात तीच तारीख. तू घाबरली असशील. मीही घाबरले आहे, अजून. ते कसं झालं हे मला सांगता येत नाही, आणि मी दिवसभर जे मोजते त्यात ते बसत नाही.

मी माफी मागत नाही. आपल्या भावाच्या वेळी मी सहा वर्षांची होते, तुझ्या मुलाच्या वेळी नव्हते. जुनी नळी मी फेकलेली नाही. तुला हवी असेल तर तुझी आहे, नको असेल तर सांग, मग रजिस्टरात नोंद करून, चष्म्याच्या समोर, रीतसर फेकू.

पाच पत्रं पाठवली, चार परत आली, सगळी न फोडलेली. हेही परत आलं तरी चालेल. फक्त या वेळी उघडून पाठव.

ताई